मिटलेल्या डोळ्यांचे फोटो

मामाच्या घराला दोन तोंडं होती. रस्त्याच्या बाजूनं आलं की फोटो स्टुडिओ लागायचा आणि मागच्या बोळातून आलं की मामीचं स्वयंपाकघर. दोन्हींच्या मधे फोटो धुवायची अंधारखोली, आणि तिला लागून एका माणसापुरती वाट. त्या वाटेत आडव्या दोरीवर धुतलेले फोटो चिमट्यांनी लटकत असत. जेवायला आत जाताना आणि हात धुऊन बाहेर येताना त्यांच्या खालून वाकून जावं लागे. लग्नातली अवघडलेली जोडपी, नोकरीच्या अर्जासाठी काढलेले ताठ चेहरे, जावळ काढलेली बाळं, आणि त्यांच्यात अधूनमधून डोळे मिटलेलं एखादं माणूस. एकदा ओल्या फोटोचं पाणी माझ्या मानेवर टपकलं. मी वर पाहिलं, तर ते त्या मिटलेल्या डोळ्यांच्या म्हाताऱ्याच्या हनुवटीवरून ओघळत होतं. त्यानंतर तिथून जाताना मी वर पाहिलं नाही.

वडील बडनेऱ्याला रेल्वेत होते तोवर मी अमरावतीला नन्सच्या शाळेत जात असे. शाळेत इंग्रजी, घरी वडिलांची पुस्तकी मराठी, आणि बाकी सगळ्या जगात वऱ्हाडी. ती मला कळायची, पण तोंडातून निघायची नाही, म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं. मॅट्रिक झाले आणि वडिलांची बदली जंगलातल्या एका स्टेशनावर झाली. तिथं कॉलेज कुठलं असणार? मला अकोल्याला आईच्या भावाकडे ठेवायचं ठरलं. मामीनं पहिल्याच दिवशी माझी ट्रंक उचलून पाहिली. "काय वो बेबी, दगडं भरून आनले काय?" मी म्हटलं, पुस्तकं आहेत. "मंग दगडंच," ती म्हणाली आणि ट्रंक ओढत आत गेली. मला ती आवडली, पण तिला हे कळायला बरेच महिने लागले असावेत, कारण मी काहीच बोलले नाही.

तो कापसाचा हंगाम होता. जिनिंगचा भोंगा झाला की मामी चूल पेटवी. पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळल्या कापसाच्या झाडांच्या, काड्या भुरभुर जळत आणि त्यावर भाजलेल्या वांग्यांचा वास स्टुडिओपर्यंत येई. गिऱ्हाईक फोटोला बसलेलं असलं तरी त्याचं लक्ष आत जाई, आणि काळ्या कापडाखालून मामा ओरडे, "इकडं पाहा, बाप्पा, भरीत जेवाले भेटंन मंग!" बैलगाड्यांच्या रांगा बाजाराकडे जात. हवेत कापसाचे तंतू तरंगत. ते भाकरीवर बसत, केसांत बसत, ओल्या रंगावर बसत. दुपारी कॉलेजातून आले की मी स्टुडिओत, काचेच्या छपराखाली बसून फोटो रंगवायची. तेव्हा रंगीत फोटो असा प्रकार आमच्याकडे नव्हता. काळा-पांढरा फोटो मोठा करायचा आणि त्यावर काडीला गुंडाळलेल्या कापसानं तेलरंग चोळायचे: शालूला हिरवा, दागिन्यांना पिवळा, गालांना नावापुरता गुलाबी. चुकलं तर टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसलं की पुन्हा कोरं.

आमच्या भागात माणसं जिवंतपणी सहसा फोटो काढून घेत नसत. फोटोनं आयुष्य कमी होतं, अशी समजूत होती. मग माणूस गेलं की घरच्यांच्या ध्यानात यायचं, याचा चेहरा कुठंच राहिलेला नाही. कोणीतरी सायकल हाणत यायचं आणि उंबऱ्याबाहेरूनच सांगायचं, "चाला, लवकर चाला, सारे थांबून हायेत." मामा हातातला घास टाकून कॅमेरा आणि तिपाई घेऊन निघायचा. मेलेल्या माणसाला आंघोळ घालून, नवे कपडे नेसवून दाराच्या चौकटीला टेकवून बसवलेलं असे. फोटो निघाला की मग तिरडी. परत आल्यावर मामा मागच्या बोळातच आंघोळ करी आणि कॅमेऱ्यावरचं काळं कापड मामी काठीनं उचलून बादलीत बुडवी. कॅमेऱ्याला मात्र आंघोळ घालता येत नाही, याची तिला कायम रुखरुख असे.

पण भिंतीवर मिटल्या डोळ्यांचं माणूस कोणालाच नको असतं. मामा तो फोटो मोठा करी, एका औषधात बुडवलेल्या कापसानं पापण्यांची जागा उडवून टाकी आणि तिथं उघडे डोळे रंगवी. मधल्या वेळात, म्हणजे पापण्या उडाल्यावर आणि डोळे यायच्या आधी, त्या चेहऱ्यावर दोन पांढरी भोकं असत. असे फोटो मामा भिंतीकडे तोंड करून ठेवी, आणि डोळे आल्यावरही घरचे न्यायला येईपर्यंत तसेच.

मामाला डोळे एकाच तऱ्हेचे काढता येत. दुकान उघडलं तेव्हा त्यानं पहिला फोटो आपल्या नव्या नवरीचा काढला, तो पुढ्यात ठेवून डोळे काढायला शिकला, आणि हात तिथंच बसला. पुढं पोरं, म्हातारे, पाटील, कोणीही असो, सगळ्यांना मामीचे डोळे. मामीला हे पुष्कळ वर्षं ठाऊक नव्हतं. एकदा ती कोणाच्या तरी तेरवीला जेवायला बसली, आणि समोरच्या भिंतीवरून एक मिशीवाला म्हातारा तिच्याच डोळ्यांनी तिच्याकडे बघत होता. घरी येऊन तिनं ते हसत हसत सांगितलं म्हणे. मग दुसऱ्या घरी दिसलं. मग आणखी एका. मग ती हसायची थांबली. मी अकोल्याला आले त्या हिवाळ्यात तिच्या डाव्या डोळ्यावर सायीसारखं काहीतरी धरायला लागलं होतं, आणि सुईत दोरा ओवायला ती मला हाक मारी.

"किती मढ्यांले देल्ले तुमी माह्ये डोये?" एक दिवस भाकरी थापता थापता, मागे न वळता तिनं मामाला विचारलं. "सारे माह्या डोयानं पाहून राहिले. मंग मले कोठून दिसन?"

"अवं, रंग हाये तो. टूबमधला रंग," मामा म्हणाला.

"रंगच हाये तं दुसऱ्या कोनाचे काढा."

मामा हसत होता, तो थांबला. दुसऱ्या कोणाचे त्याला येत नव्हते. मामीनं त्याला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली, आणि त्या दिवसापासून डोळे काढायचं काम माझ्या टेबलाकडे सरकायला लागलं. बेबी शाळेत चित्रकलेत पहिली यायची, हे आईनं भावाला पूर्वीच सांगून ठेवलेलं होतं.

इथं मला माझ्या एका खोडीबद्दल सांगायला हवं. मी पहिली यायची ते खरं. पण माझ्या शाळेच्या सगळ्या वर्षांत मी एकही चित्र पुरं केलेलं नव्हतं. चित्र जमायला लागलं, म्हणजे अगदी आता थोडंच राहिलं असं झालं, की माझ्या हाताला काहीतरी व्हायचं. पाणी सांडायचं. आभाळ उगाच गडद व्हायचं. नाहीतर मीच म्हणायची, हे काही खरं नाही, आणि स्पंज फिरवायची. नन म्हणायच्या, "व्हेरी प्रॉमिसिंग." ते शब्द मला फार सुरक्षित वाटत. जे चित्र पुरं झालेलं नाही त्याला वाईट कोण म्हणणार? मामाकडेही तेच सुरू झालं. शालू, बांगड्या, मागचा पडदा, सगळं मी मन लावून करायची, आणि चेहऱ्यापाशी आले की ब्रशचे केस झडलेले असत, ऊन पिवळं पडलेलं असे, किंवा हवेत कापूस फार असे. "आज कापूस उडतोय, मामा. डोळ्यात बसेल." मामा मान हलवी. अकोल्यात हंगामाच्या दिवसांत कापूस कधी उडत नाही?

संक्रांतीच्या सुमाराला पूर्णेच्या काठच्या एका गावातून सायकलवाला आला. मामा जाऊन परत आला. बोळात तो पाटावर बसला आणि मामी लोट्यानं पाणी घालायला लागली. मी दारात टॉवेल घेऊन उभी होते.

"कोन होतं?" मामीनं विचारलं.

"तरनी होती. कमला नावाची. वर्षाचं लेकरू हाये. दुपारी पानी आनाले गेली, पाय सरकला."

"कोन्या विहिरीत?"

"गावाभायेरच्या."

मामीचा लोटा वरच राहिला. "माह्या मावशीचं गाव हाये थे. भायेरची विहीर तं खारी हाये. ढोरं बी तोंड लावत नाई तिच्या पान्याले. घरी पानी आनाले तठी कोन जाते?"

मामानं साबणाचे हात तोंडावरून फिरवले. मग म्हणाला, "पानी टाक. थंडी वाजून राहिली."

दुसऱ्या दिवशी तो फोटो दोरीवर होता. या वेळी मी पाहिलं. चौकटीला टेकवलेली माझ्याच वयाची मुलगी, नवं लुगडं, दोन्ही हातांत नव्या बांगड्या, मोठं कुंकू. केस ओले होते. बाकी सगळं नीट केलं होतं, पण केस कोणाला वाळवता आले नव्हते. ते कपाळाला आणि मानेला चिकटून होते. उजव्या कानशिलावर एक काळसर डाग होता. मामा म्हणाला, "पडतानी दगड लागला असंन. थे केसात घेऊन टाक." मी घेतलं. मोठा केलेला फोटो टेबलावर आला तेव्हा मी आधी केसच रंगवले, आणि तो डाग त्यांच्याखाली गेला. तेवढं माझं काम अतिशय सफाईदार झालं.

तिचा नवरा आणि तिची आई एकाच दिवशी स्टुडिओत आले, पण एकत्र नाही. नवरा आत येऊन खुर्चीवर बसला. पांढरी टोपी, नीट इस्त्रीचा सदरा, हळू बोलणारा माणूस. आई त्याच्या मागून आली आणि बाहेर पायरीवरच थांबली. कमलाचं माहेर अकोल्यातच, आमच्यापासून चार गल्ल्यांवर होतं. तो मामाला म्हणाला, "महिना होईन तवा भिंतीवर लावाचा हाये. डोये चांगले काढा. शांत पायजे." मामा हो म्हणाला. तो गेल्यावर मी बाहेर जाऊन कमलाच्या आईजवळ उभी राहिले. विचारायला हवं होतं, आणि मला अनोळखी माणसाशी बोलताना घाम फुटायचा.

"तुमच्या मुलीचे डोळे कसे होते?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "डोये कसे असतात, माय? डोयासारखे." मग वळता वळता, "कधी पाह्यले नाई मी तसे. लेकीचे डोये कोन पाहत बसते? असंन वाटलं का, राहीनच." ती पायरी उतरून गेली.

मामानं मला समोर बसवून सरळ सांगितलं, "पाह्य बेबी. महिन्याच्या आत द्याचा हाये. तुह्यानं झालं तं झालं. नाई तं मले बसा लागंन, आन माह्या हाताले एकच डोये येतात. शपथ मोडन माही." तो आत स्वयंपाकघराकडे पाहत हे बोलला. तिथं मामी तांदूळ निवडत होती, ताट उजव्या डोळ्यासमोर धरून.

त्यानंतरचे दिवस मला अजून अंगावर येतात. मी रोज बसायची. डोळे सुरू करायची, पापणीची रेघ यायची, बुबुळाचा गोल यायचा, आणि चेहऱ्यात कोणीतरी येतंय असं वाटायला लागलं की माझा हात आपसूक बोळ्याकडे जायचा. पुसलं की पुन्हा ती दोन पांढरी भोकं. पुसल्यावर मला बरं वाटायचं; जेवण जायचं. माझ्या आत जे काही मला थांबवत होतं ते इंग्रजीत बोलायचं, शाळेतल्या त्या मऊ, समजूतदार आवाजात: "नॉट येट." ते कधी रागावलं नाही. रागावलं असतं तर मी भांडले तरी असते. त्याचं म्हणणं एवढंच की आज नको, आज तू तयार नाहीस. आणि दिवस मोजत मामा टेबलाजवळून जायचा आणि काही न बोलता आपले ब्रश धुऊन वाळत ठेवायचा. त्या धुतलेल्या ब्रशांकडे मी पाठ करून बसे. माझ्या मागं कोणीतरी उभं आहे आणि माझ्या हरण्याची वाट बघतंय, असं वाटे. मी वळून पाहिलं की दोरीवरचे फोटो, वाऱ्यानं हलणारे.

मामी स्टुडिओत कधी येत नसे. त्या फोटोंखालून तिला जायचं नसायचं. पण एका दुपारी ती आली, पदर डोक्यावरून पुढं ओढून, भिंतीला धरत. माझ्या टेबलाशी उभी राहिली. नुकतंच पुसलेलं होतं. तिनं मान वाकडी करून चांगल्या डोळ्यानं त्या दोन भोकांकडे पाहिलं.

"काय करून राहिली वो तू इतके दिवस?"

"जमत नाहीये, मामी."

"जमत नाई का होऊ देत नाई?"

तिनं टर्पेंटाइनची बाटली उचलली, कापसाची गुंडाळी काखेत मारली, चिंध्या गोळा केल्या, माझा हातरुमालसुद्धा घेतला. "हे मी नेतो." वऱ्हाडात बायकाही असंच म्हणतात, नेतो, जातो, मला तोवर त्याची सवय झाली होती. "पुसाचं सामान माह्यापाशी राहीन. चुकलं तं चुकलं."

"मामी, फोटो बिघडेल! एकच मोठा कागद आहे."

"बिघडू दे. बिघडले तरी थे तिचे डोये राहतीन. माह्ये नोको." दाराशी जाऊन ती वळली. "आन पदरानं पुसशीन तं याद राख. तुह्या लुगड्याचा रंग मले अजून दिसते."

मी एकटी राहिले. पहिली रेघ मारली आणि ती चुकली. उजव्या डोळ्याची वरची पापणी ठरवल्यापेक्षा जड आली, खाली उतरली. हात बोळ्याकडे गेला. तिथं काही नव्हतं. मी नखानं खरडायचा विचार केला, खोटं कशाला सांगू? मग मामीच्या स्वयंपाकघरातून बाटली मागून आणायचा विचार केला. उठलेही. पण त्या वाटेनं, त्या फोटोंखालून वाकून जाऊन त्या बाईसमोर हात पसरणं मला जड गेलं. मी परत बसले. एक पापणी जड झाली म्हणजे दुसरीही थोडी जड घ्यायला हवी, नाहीतर चेहरा वाकडा होणार. ती घेतली. मग बुबुळं पापण्यांच्या थोडी आत गेली. मग पांढऱ्यात जरा राखाडी जास्त लागला. प्रत्येक चुकीला पुढच्या रेघेनं जागा करून द्यावी लागत होती, आणि तो आवाज सगळा वेळ बोलतच होता. नॉट येट, नॉट येट. तो थांबेल मग मी करीन, असं मला आजवर वाटत आलं होतं. तो थांबला नाही. मी करत राहिले. माझे दात वाजत होते, हे मला नंतर जबडा दुखला तेव्हा कळलं.

शेवटी राहिला तो पांढरा ठिपका, डोळ्यातला उजेड. तो ठेवला की डोळा बघायला लागतो. त्याच्यापर्यंत मी कधी गेले नव्हते. उजेड दाराकडून होता, म्हणून ठिपके दाराच्या बाजूला ठेवले. ब्रश खाली ठेवून मान वर केली आणि उठून भिंतीला टेकले. ती बघत होती. कॅमेऱ्याकडे नाही. कॅमेऱ्याच्या किंचित बाजूला, तिथं उभ्या असलेल्या कोणाकडे तरी. जड पापण्यांखालून, डोळा न हलवता, एखाद्या माणसाचं पुढचं पाऊल आपल्याला माहीत असावं तशी.

हे मी बऱ्याच वेळा स्वतःला समजावलं आहे. कच्च्या हाताची एक रेघ खाली आली, तिला जुळवताना नजर बाजूला गेली, एवढंच. पुढं पुस्तकांसाठी चित्रं काढण्यात माझं आयुष्य गेलं आणि असे अपघात मी हजारदा केले. कामाला बसताना तो मऊ आवाज अजूनही येतो. मीही अजून खोडायचं सामान दुसऱ्या खोलीत ठेवते. घरातल्यांना ही म्हाताऱ्या बाईची लहर वाटते. मामीचा डावा डोळा पुढं गेलाच. त्याचा फोटोंशी संबंध नव्हता हे मला माहीत आहे, पण मामाला कोणी ते पटवू शकलं नाही.

मामानं फोटो पाहिला. काच-चौकट लावून भिंतीशी उभा केला. भिंतीकडे तोंड करून ठेवायला तो विसरला, की त्यानं ठेवलं नाही, कोण जाणे.

नवरा ठरल्या दिवशी आला. मी टेबलाशी होते. तो फोटोसमोर उभा राहिला. मग एक पाऊल डावीकडे सरकला आणि पुन्हा पाहिलं. मग आणखी एक पाऊल. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"हे कोनं काढले?"

"भाचीनं," मामा म्हणाला.

तो माझ्याकडे वळला. "तुमी पाह्यली होती काय तिले?"

"नाही."

"कधीच नाई?"

"नाही."

"मंग हे कोठून आनलं?"

त्याचा आवाज तेवढाच हळू होता. तो मामाला म्हणाला, "मी शांत म्हनलं होतं. हे डोये बदलून द्या. पैशाचं पाहू." टोपी तो बोटांत फिरवत होता आणि फोटोकडे पाठ करून उभा होता.

मामानं मान डोलावली. तो आत गेला आणि बाटली, कापूस घेऊन आला, काच काढली, आणि सगळं माझ्यासमोर मांडलं. "बेबी, पूस. मंग पाहू काय कराचं थे." मामाचा दोष नव्हता. गिऱ्हाईक होतं, दुकान होतं. आणि मला काय वाटलं ते लिहायलाच हवं: मला सुटल्यासारखं वाटलं. बोळा भिजलेला होता. आयुष्यभर जे मी लपून करत आले ते करायला आज मला दोन मोठी माणसं सांगत होती. पुन्हा दोन पांढऱ्या जागा, पुन्हा मी प्रॉमिसिंग, आणि हा माणूस शांतपणे घरी जाईल. माझा हात बोळ्यावर होता. टर्पेंटाइन बोटांना गार लागत होतं.

"नाही पुसणार," मी म्हटलं.

"काय?" मामा म्हणाला. त्यानं माझा एवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता.

"हा फोटो पुरा झालाय, मामा."

आतल्या वाटेत मामी उभी होती. किती वेळ होती ठाऊक नाही. मामानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काच पुन्हा चौकटीत बसवायला घेतली. नवऱ्यानं टोपी घातली. "असू द्या तुमच्यापाशीच," तो म्हणाला आणि निघून गेला. तो पुन्हा आला नाही.

कमलाची आई आली ती महिना उलटून गेल्यावर, फोटो तयार असूनही घरी का पोचला नाही ते विचारायला. मामानं फोटो वळवून तिच्यासमोर धरला. मला वाटलं होतं ती रडेल. ती खाली बसली, उंबऱ्यातच, आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल ही माझी लेक नव्हे. म्हणाली असती तर तेही खरंच असतं, आणि ते ऐकायला मी उभी होते.

"जवायानं पाह्यला हा?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"काय म्हनला?"

"डोळे बदला म्हणाला."

तिनं पदराच्या टोकानं काचेवरचा कापूस झटकला. "मंग मी याले माह्या घरी नाई लावत," ती म्हणाली. "त्याच्याच घरी लावतो. लेकरू तठीच हाये."

गेलेल्या माणसाचा फोटो आमच्याकडे फडक्यात गुंडाळून, तोंड आपल्याकडे करून नेतात. मामीनं आतून धुतलेलं फडकं आणून तिच्यापुढं धरलं. तिनं ते घेतलं नाही. चौकट छातीशी धरली, तोंड बाहेर करून, आणि पायरी उतरून पूर्णेकडे जाणारी बस पकडायला ती भर बाजारातून चालत गेली. कापसाच्या गाड्या जिथल्या तिथं थांबत होत्या आणि माणसं बाजूला सरत होती.